बिऱ्हाडाचे परतणे : मिरास, वतन आणि उपरेपण

१

मराठी कथनात्मक साहित्यातील गाव सोडणारा माणूस समीक्षेच्या चांगल्या परिचयाचा आहे. शिक्षणासाठी, नोकरीसाठी, दुष्काळामुळे किंवा जातीय जाचाला कंटाळून शहराकडे गेलेल्या व्यक्तिरेखांचा विचार ग्रामीण, दलित आणि महानगरी साहित्य या तिन्ही शीर्षकांखाली विपुल प्रमाणात झालेला आहे. त्या मानाने उलट दिशेच्या प्रवासाकडे फारसे लक्ष गेलेले नाही. परतण्याची जी चर्चा झाली ती बहुधा एकट्या नायकाच्या परतण्याची. ती करताना समीक्षेने 'मुळांकडे परतणे' हे रूपक इतक्या सहजपणे वापरले की ते रूपक आहे याचाच विसर पडावा.

झाड प्रवास करीत नाही, माणसे करतात. आणि बहुतेक वेळा माणसे एकटी प्रवास करीत नाहीत. दूरच्या शहरात मांडलेले बिऱ्हाड मोडून नवरा, बायको, मुले, एखादी म्हातारी, पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या आणि मुलांचे शाळा सोडल्याचे दाखले असे सगळे जेव्हा जुन्या गावाच्या वाटेला लागते, तेव्हा मुळांचे रूपक अपुरे पडते. 'बिऱ्हाड' हा शब्द या संदर्भात अधिक उपयोगी आहे. घर हे एका जागी असते. बिऱ्हाड मांडले जाते, हलवले जाते, मोडले जाते. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते असे मराठीत म्हणतात, तेव्हा त्या म्हणीत जागेपेक्षा ओझ्याचा विचार अधिक असतो. भालचंद्र नेमाडे यांनी १९७५ मध्ये आपल्या कादंबरीला 'बिढार' हे नाव दिले, हेही या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. ज्या लेखकाच्या नावाशी देशीवादाची चर्चा जोडली गेली, त्याच्याच एका शीर्षकात मुळांच्या रूपकाला छेद देणारा हा शब्द आहे.

एकट्याचे परतणे आणि बिऱ्हाडाचे परतणे यांत केवळ संख्येचा फरक नाही. एकटा माणूस आठवणीतल्या गावाकडे परतू शकतो. बिऱ्हाडाला मात्र प्रत्यक्षातल्या गावात राहावयाचे असते. कुठल्या आळीत, कोणाच्या वाट्याच्या खोलीत, कोणत्या पाणवठ्यावर आणि कोणत्या हक्काने, हे प्रश्न त्याला पहिल्याच दिवशी भेटतात. म्हणून 'गाव' या संकल्पनेची खरी परीक्षा बिऱ्हाडाच्या परतण्यात होते, हे काही मराठी कलाकृतींच्या आधारे येथे तपासावयाचे आहे.

२

या तपासणीसाठी लागणारी परिभाषा बाहेरून आणण्याचे कारण नाही. मराठी मुलखाच्या जमीनव्यवहारात ती आधीपासून आहे. मराठेशाहीच्या कागदपत्रांत गावच्या शेतकऱ्यांचे दोन वर्ग आढळतात : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराचा जमिनीवरचा हक्क वंशपरंपरेचा असे आणि गावाच्या मानपानात त्याला ठरलेले स्थान असे. उपरी हा बाहेरून येऊन जमीन कसणारा. तो कसेल तोवर गावात, नाहीतर नाही. दुष्काळाने किंवा स्वारीने परागंदा झालेला मिरासदार पुष्कळ वर्षांनी गावी आला तरी त्याला आपल्या मिरासीवर दावा सांगता येत असे. ज्यांचे कूळच नाहीसे झाले त्यांच्या जमिनीला 'गतकूळ' म्हणत. थोडक्यात, परतण्याचा हक्क ही येथील समाजव्यवस्थेने विचारपूर्वक सांभाळलेली गोष्ट होती, आणि तो हक्क सर्वांना सारखा नव्हता.

त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 'गावगाडा' (१९१५) या ग्रंथात गावाची जी रचना दिसते तीत काळी आणि पांढरी, वतनदार आणि बलुतेदार यांच्याबरोबर फिरस्त्यांचाही विस्ताराने विचार आहे. आत्र्यांची नजर फिरस्त्यांच्या बाबतीत सहानुभूतीची नाही. परंतु गावात कोण आहे, हे ठरवताना गावाबाहेर कोण आहे हे आधी ठरवावे लागते, ही गोष्ट त्या ग्रंथाच्या मांडणीतूनच उघड होते.

मिरासदार आणि उपरी या दोन संज्ञांत तिसरी मिळवावी लागेल : महार वतन. महार हा उपरी नव्हता. त्याचेही स्थान वंशपरंपरेचे होते आणि परंपरा त्याच्या बावन्न हक्कांची सनद सांगते. तथापि हा हक्क चाकरीच्या रूपाने येत असे. सांगावा पोचविणे, सरकारी अंमलदाराच्या दिमतीला हजर राहणे, मेलेले जनावर ओढणे, आणि त्या बदल्यात बलुत्याचे धान्य व दारोदारची भाकरी. हक्क आणि वेठ यांना वेगळे करता येऊ नये अशी ही रचना होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचविणारे विधेयक १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडले ते यासाठीच. ही वतने प्रत्यक्षात संपविणारा मुंबई कनिष्ठ ग्रामवतने निर्मूलन अधिनियम १९५८ चा आहे.

मिरास, वतन आणि उपरेपण ही गावाशी असलेल्या नात्याची तीन रूपे आहेत. मराठी साहित्यातल्या प्रत्येक परतणाऱ्याला यांपैकी एका दारातून गावात शिरावे लागते.

३

'कोसला' (१९६३) मधील पांडुरंग सांगवीकर पुण्यातील शिक्षण अर्धवट टाकून सांगवीला परततो. हे परतणे पराभवाचे आहे. त्यात मुळे सापडल्याचा आनंद नाही. असलाच तर एक उदास, उपहासगर्भ स्वीकार आहे. नेमाड्यांनी या परतीला गौरवाचा रंग दिलेला नाही, तो पुढे काही समीक्षकांनी दिला. परंतु या पराभवालाही एक आधार आहे. पांडुरंगाचे वडील गावातले वजनदार, सधन शेतकरी आहेत. पांडुरंगाचे वडिलांशी पटत नाही, गावात त्याचे मन रमत नाही, तरी तो गावात राहू शकतो का, असा प्रश्न कादंबरीत उद्भवत नाही. त्याची मिरास गृहीत आहे. अस्तित्वाविषयीचे त्याचे प्रश्न एवढे मोकळेपणाने विचारले जातात, याचे एक कारण हे की निवाऱ्याचा प्रश्न त्याच्यासाठी आधीच सुटलेला आहे.

'हिंदू : जगण्याची समृद्ध अडगळ' (२०१०) मध्ये ही मिरास गृहीत न राहता कादंबरीचा विषय होते. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडिलांच्या आजारपणामुळे मोरगावला निघतो, आणि वारस म्हणून आपल्यावर काय येऊन पडणार याची जाणीव त्याच्या स्मरणप्रवासात भिनलेली राहते. मिरास हे ओझेही असते, हे 'हिंदू'ने 'कोसला'पेक्षा स्पष्टपणे मांडले. तथापि खंडेरावही एकटाच परततो. त्याच्या मागे त्याने मांडलेला संसार नाही. त्यामुळे गाव ही त्याच्यासाठी प्रामुख्याने स्मृती आणि वारसा यांची समस्या राहते, उद्या सकाळच्या पाण्याची समस्या होत नाही.

येथे कथनरचनेचा एक विशेष लक्षात घ्यावयास हवा. 'कोसला'त परतणे शेवटाकडे येते आणि ते कथनाला एक प्रकारची समाप्ती देते. नायक जिथून निघाला तिथे आला की वर्तुळ पुरे झाल्याचा भास होतो. बिऱ्हाडाच्या परतण्याला असा शेवट होण्याची सोय नसते. ज्या कलाकृतींत कुटुंब गावी येते, त्यांत ते येणे आरंभी किंवा मध्यात असते, आणि खरा संघर्ष त्यानंतर सुरू होतो. पुढील दोन कलाकृतींत हे स्पष्ट दिसते.

४

दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) मध्ये दगडूचे बालपण दोन ठिकाणी विभागलेले आहे : मुंबईतील कावाखाना आणि नगर जिल्ह्यातील धामणगाव. कावाखान्यातले जगणे कोणत्याही अर्थाने सुखाचे नाही. एकेका खोलीत कितीतरी बिऱ्हाडे दाटीवाटीने राहतात. पुरुष गोदीत किंवा हमालीत, बायका चिंध्या-कागद गोळा करण्यात. दारू, भांडणे, कर्ज यांची ददात नाही. तरी वडील गोदीत कामाला जातात तेव्हा ते कामगार असतात. त्यांच्या श्रमाचे मोल, कमी का होईना, पैशात ठरते. हे बिऱ्हाड मुंबई सोडून गावी येते, तेव्हा त्याच माणसाची ओळख बदलते. गाव त्याला कामगार म्हणून ओळखत नाही. त्याच्या पाळीचा महार म्हणून ओळखते.

मिरासदार परततो तेव्हा त्याला गाव परत मिळते. महार परततो तेव्हा गावाला तो परत मिळतो. वाक्यातील कर्ता आणि कर्म यांची ही अदलाबदल 'बलुतं'च्या गावाकडील भागाला वेगळा अर्थ देते. गाव या कुटुंबाला विसरलेले नाही. त्याची जागा राखून ठेवलेली आहे. सामान्यतः परतणाऱ्याला जी गोष्ट दिलासा देते, म्हणजे आपली जागा अजून रिकामी आहे हे कळणे, तीच येथे भयाचे कारण ठरते. पुस्तकाचे शीर्षक याच व्यवहारातून आलेले आहे. चाकरीबद्दल मिळणारा धान्याचा वाटा आणि जन्माबरोबर पदरात पडलेले दुःख यांना लेखकाने एकच नाव दिले.

दगडूच्या नजरेचेही येथे महत्त्व आहे. मोठी माणसे 'आपल्या गावी' परतत असतात. शहराची सवय लागलेल्या मुलासाठी तो प्रवास अर्ध्या ओळखीच्या मुलखात जाण्याचा असतो. शहरात दारिद्र्य कळलेले असते, गावात त्या दारिद्र्याची जातवार मांडणी कळते : कोणाच्या विहिरीवर जावयाचे नाही, शाळेत कोठे बसावयाचे, कोणाच्या दारात किती अंतरावर उभे राहावयाचे. वडिलांच्या मृत्यूनंतर आई मोलमजुरी करून मुलाला शिकविते, तेव्हा तिच्या श्रमाची दिशा पुन्हा गावाबाहेरची असते. पुढे दगडू मुंबईला येतो. 'बलुतं'चा प्रवास असा गाव आणि शहर यांच्यामध्ये हेलकावत राहतो. त्यात वर्तुळ पुरे होत नाही. दगडू मारुती पवार सांगतो आणि दया पवार ऐकतो या निवेदनपद्धतीतच हे दुभंगलेपण आहे. शिकलेला, शहरात स्थिरावलेला एक माणूस आपल्याच दुसऱ्या नावाकडे पुनःपुन्हा जातो आणि तेथे मुक्काम करू शकत नाही.

संविधान सभेत ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बोलताना डॉ. आंबेडकरांनी खेड्याच्या उदात्तीकरणाला जो कठोर नकार दिला, तो 'बलुतं'च्या पार्श्वभूमीवर वाचला म्हणजे केवळ राजकीय मत राहत नाही. गावी परतण्याचा अर्थ ज्यांच्यासाठी वेठीकडे परतणे असा होता, त्यांचा अनुभव त्यामागे उभा आहे.

५

महेश एलकुंचवार यांच्या 'वाडा चिरेबंदी' (१९८५) मध्ये परतणारे कुटुंब दुसऱ्या टोकाचे आहे. विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांची मिरास निर्विवाद आहे. प्रश्न ती उरली आहे किती, हा आहे. कूळकायदे आणि १९६१ चा कमाल जमीनधारणेचा कायदा यांनी अशा घराण्यांचा आर्थिक पाया काढून घेतला होता. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर हा मिरासीचे आधुनिक शेतीत रूपांतर करण्याचा फसलेला प्रयत्न म्हणून सतत समोर राहतो.

तात्याजींच्या मृत्यूनंतर मुंबईहून सुधीर आणि अंजली येतात, तेही अंत्यविधी आटोपल्यावर. नाटक या येण्याने सुरू होते. गावाकडच्यांना मुंबईकर सुखवस्तू वाटतात. मुंबईकरांना वाड्यात अजून काही शिल्लक असेल असे वाटते. दोन्ही समज तेराव्याच्या खर्चाच्या प्रश्नापाशी एकमेकांवर आदळतात. सुधीरच्या मनात वाड्याविषयी ओढ नाही असे नाही. परंतु ज्या क्षणी तो बायकोसह दारात उभा राहतो, त्या क्षणी तो घरचा मुलगा राहून हिस्सेदारही होतो. एकटा आलेला भाऊ पाहुणा ठरू शकतो. बिऱ्हाडासह आलेला भाऊ वाटणीचा विषय काढल्याखेरीज राहू शकत नाही, आणि त्याने काढला नाही तरी इतर जण तो त्याच्या वतीने काढतात.

अंजलीची स्थिती याहून बोलकी आहे. ती कोकणस्थ घरातून आलेली, मुंबईत संसार करणारी स्त्री आहे. सुधीरसाठी धरणगाव हे परतण्याचे ठिकाण आहे. तिच्यासाठी ते सासर आहे. 'कुटुंब गावी परतले' या वाक्यातील एकवचनी क्रियापद हा फरक झाकून टाकते. एकाच बिऱ्हाडातला पुरुष परततो, बायको सासरी जाते आणि मूल एका नव्या ठिकाणी जाते. मराठी स्त्रीगीतांत परतण्याची सारी ओढ माहेराकडे असते, आणि ते परतणे नेहमीच चार दिवसांचे असते. कायमचे परतणे हा तिथे संकटाचा अर्थ घेऊन येतो. पितृसत्ताक कुटुंबात स्त्रीला मिरास नसते. असते ती दोन घरांमधली ये-जा.

वाड्यातच राहिलेल्या प्रभाकडे पाहिले म्हणजे हे अधिक स्पष्ट होते. शिकण्याची इच्छा मारली गेलेली ही मुलगी कधी गाव सोडून गेलीच नाही, म्हणून तिला परतण्याचा प्रश्न नाही. आणि तरीही त्या घरात तिचा हक्काचा वाटा कोणी गृहीत धरलेला नाही. हिंदू एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेत मुलीला जन्मतः सहदायाद मानणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ मध्ये केली. त्याच वर्षी 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही नाट्यत्रयी चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली सलग रंगमंचावर आली. या योगायोगाला कार्यकारण मानण्याचे कारण नाही. परंतु ज्या कायद्याने प्रभाला हिस्सेदार केले असते तो येईपर्यंत वाटून घेण्यासारखे काही उरलेच नव्हते, हा नाट्यत्रयीचा कडवट निष्कर्ष त्यामुळे अधिक जाणवतो. 'युगान्त'मध्ये पुढच्या पिढीतला अभय स्वीडनहून येतो तो ओसाड, तहानलेल्या मुलखात. अंतर वाढत जाते आणि परतण्याचे ठिकाण आटत जाते, अशी ही त्रयीची रचना आहे. मिरासदार शेवटी गतकूळ होतो.

६

या विवेचनावर एक आक्षेप संभवतो. मिरास आणि वतन या संज्ञा जुन्या व्यवस्थेच्या आहेत. कायद्याने त्या संपविल्यानंतर आधुनिक साहित्याच्या वाचनात त्यांना आणणे म्हणजे समीक्षेला समाजशास्त्राच्या दावणीला बांधणे नव्हे काय? हा आक्षेप काही अंशी योग्य आहे. 'कोसला'ची भाषा किंवा 'वाडा चिरेबंदी'तील शांततेचा नाट्यपूर्ण वापर या संज्ञांनी उलगडत नाही. तथापि कायद्याने संपलेली गोष्ट मनातून आणि व्यवहारातून तेवढ्याच वेगाने संपत नाही. साहित्याचा संबंध बहुधा या मागे उरलेल्या काळाशीच असतो. शिवाय मिरास ही कधीच केवळ कागदावर नव्हती. ती गावाच्या मान्यतेवर टिकून होती, आणि मान्यता काढून घेता येते.

व्यंकटेश माडगूळकर यांच्या 'वावटळ' (१९६४) या कादंबरीत हे अत्यंत संयत शैलीत आले आहे. ३० जानेवारी १९४८ च्या गांधीहत्येनंतर ब्राह्मणांची घरे जळू लागल्याचे ऐकून पुण्यातला तरुण गावाकडे निघतो. परतीचा सारा प्रवास घर असेल की नसेल या एका प्रश्नाभोवती फिरतो. पिढ्यान्‌पिढ्या गृहीत धरलेली जागा एका रात्रीत परकी होते. दलित कुटुंबाच्या अनुभवाशी याची तुलना करणे अप्रस्तुत होईल; एकाला गावाने बाहेर काढले, दुसऱ्याला गावाने आत डांबले. पण गाव म्हणजे भूमी नसून संमती आहे, हे दोन्हीकडून सिद्ध होते.

लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) मध्ये तर ही संमती कधीच मिळालेली नाही. गाढवांच्या पाठीवर संसार लादून हिंडणाऱ्या कैकाडी कुटुंबाला परतण्यासाठी गावच नाही. जमीनव्यवहारातला जुना शब्द मान्यांनी शीर्षकात आणला आणि त्याला जन्मभराच्या स्थितीचे नाव केले. धरणग्रस्तांच्या कथनात हाच प्रश्न आणखी एका वळणाने येतो. विश्वास पाटील यांच्या 'झाडाझडती'त (१९९१) मिरास असूनही गाव पाण्याखाली जाते आणि नव्या वसाहतीत मूळचे शेतकरी उपरे ठरतात. २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या कृष्णात खोत यांच्या 'रिंगाण'मध्ये विस्थापित माणूस मागे राहिलेल्या म्हशीच्या शोधात जुन्या गावाच्या जागी जातो. तिथे परतणे उरते, गाव उरलेले नसते.

१८ जानेवारी १९८२ पासून सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईतील अनेक कामगार कुटुंबे कोकणात आणि घाटावर आपापल्या गावी गेली. जयंत पवार यांच्या 'अधांतर' (१९९७) सारख्या नाटकाने चाळीत उरलेल्यांची कहाणी सांगितली. गावी गेलेल्या बिऱ्हाडांची कहाणी त्या तोडीने आलेली नाही. ही उणीव केवळ विषयाची नाही. परतणे म्हणजे शेवट, असे मानणारी कथनाची सवय त्यामागे असावी. माणूस गाडीत बसला की कथा संपते, आणि जिथे कादंबरी सुरू व्हावयाची तिथे लेखणी थांबते.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा लक्षावधी बिऱ्हाडे पायी, मिळेल त्या वाहनाने, मुलांना खांद्यावर घेऊन परतीच्या रस्त्यावर आली. त्या वेळी महाराष्ट्रातील कित्येक गावांनी वेशीवर काट्या टाकून रस्ते अडविले होते. रोगाचे भय खरे होते. पण कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला शाळेच्या इमारतीत ठेवावयाचे हे ठरविणारी नजर जुनीच होती. परागंदा झालेल्याची मिरास गाव राखून ठेवते, हा समज त्या वेशीवर पुन्हा एकदा तपासला गेला.

देशीवादाच्या चर्चेने मराठी समीक्षेला आपल्या भूमीचे भान दिले, हे ऋण नाकारता येणार नाही. परंतु भूमी म्हणताच तीवर परतण्याचा हक्क कोणाला, हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. मुळांच्या रूपकात हा प्रश्न दिसत नाही, कारण झाडाला वेशीवर कोणी अडवीत नाही. बिऱ्हाडाला अडवितात, आणि आत घेतले तरी त्याने कोठे उतरावे हे आधीच ठरलेले असते. परतीच्या कथनाचे मूल्यमापन करताना नायकाला गाव सापडले की नाही एवढेच पाहणे म्हणून पुरेसे नाही. त्याच्या मागे गाडीतून कोण उतरले, त्यांच्यासाठी ते गाव कोणाचे होते आणि दुसऱ्या दिवशी पाणी भरायला कोण कोणत्या विहिरीवर गेले, हेही समीक्षेला विचारावे लागेल.